अनोळखी माणसासाठी उघड्या डोळ्यांनी प्रार्थना कशी करावी

शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या संडे स्कूलमध्ये, आम्हांला प्रार्थनेचे पहिले शिक्षण मिळाले ते दोन आज्ञांचे : हात जोडा, डोळे मिटा. मुलांचे लक्ष इकडेतिकडे जाऊ नये म्हणून ही शिस्त चांगलीच आहे आणि घरच्या कुटुंबप्रार्थनेत मी ती आजही पाळते. पण येथे ज्या प्रार्थनेविषयी लिहायचे आहे, ती मिटल्या डोळ्यांनी होतच नाही. रस्त्यात, गाडीत, रांगेत किंवा दवाखान्याच्या बाकावर जो माणूस आपल्या शेजारी येऊन बसतो, ज्याचे नावगाव आपल्याला ठाऊक नसते आणि बहुधा कधी ठाऊक होणारही नसते, त्याच्यासाठी करायची ही प्रार्थना आहे आणि तिचा अर्ध्याहून अधिक भाग पाहण्यात आहे. डोळे उघडे ठेवण्याचा कोणाला संकोच वाटत असेल, तर त्याने योहानाचे शुभवर्तमान काढून पाहावे. लाजराच्या कबरेपाशी आणि पुन्हा सतराव्या अध्यायाच्या आरंभी येशू डोळे वर करून पित्याशी बोलतो. दुचाकी चालवणाऱ्याला तर शास्त्राधाराचीही गरज पडू नये.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की, विनंत्या, प्रार्थना, मध्यस्थी व उपकारस्तुती सर्व माणसांकरिता कराव्यात. रविवारच्या उपासनेत आपण तसे करतोही. देशासाठी, अधिकाऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी आणि प्रवाशांसाठी पाळकसाहेब प्रार्थना करतात, आपण आमेन म्हणतो. मात्र ‘सर्व माणसे’ हा शब्द एवढा मोठा आहे की त्यात कोणाचाच चेहरा दिसत नाही. सोमवारी सकाळी त्या शब्दात एकेक चेहरा कसा आणायचा, हे मी माझ्या रोजच्या प्रवासावरून सांगते, कारण जे काही मला उमगले ते त्या प्रवासातच आणि बरेचसे चुकून उमगले.

एका स्थानकाला एक माणूस

मी केडगावला गाडी पकडते आणि पुण्याला उतरते. गाडी दौंडहून येते. आता ती डेमू असली तरी जुने लोक तिला अजून शटलच म्हणतात. वाटेत खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी आणि हडपसर ही स्थानके लागतात. सुरुवातीला मी गाडीत बसल्याबरोबर सगळ्या डब्यासाठी एकदम प्रार्थना करीत असे आणि ती खुटबाव येण्याच्या आधीच संपत असे. जिच्यात कोणी एक माणूस नसतो ती प्रार्थना लवकर आटोपते, हा माझा अनुभव आहे. मग मी एका स्थानकापासून पुढच्या स्थानकापर्यंत एकच माणूस असा नियम केला. हा नियम पाळायला सोपा आहे, कारण आरंभ आणि शेवट गाडीच ठरवते, आपल्याला घड्याळ पाहावे लागत नाही. ज्यांचा प्रवास गाडीचा नाही त्यांना बसचा थांबा, चौकातला सिग्नल किंवा बँकेच्या रांगेतला आपल्या पुढचा माणूस चालेल. जिथे दिवसातून रोज थोडा वेळ नाइलाजाने थांबावेच लागते ती जागा निवडावी. मुद्दाम वेळ काढून हे करायला गेलो तर चार दिवसांत सुटते.

माणूस मात्र निवडू नये. समोर जो आला तो घ्यावा. निवडायला लागलो की आपली नजर नेमकी केविलवाण्या चेहऱ्यांकडे जाते आणि इस्त्रीचे कपडे घातलेला, मांडीवर लॅपटॉपची पिशवी घेऊन बसलेला तरुण दरवेळी सुटतो, जणू त्याला प्रभूची गरजच नाही. ज्याला कळवळ्याची सवय लागली आहे त्याला दुःखाचा शोध घेण्याचीही सवय लागते आणि ती फारशी चांगली नव्हे.

अगदी नवशिक्या माणसाने मात्र येथून आरंभ करू नये. त्याने रुग्णवाहिकेच्या सायरनपासून आरंभ करावा. आमच्या घरी सायरन ऐकू आला की हातातले काम तसेच ठेवून “प्रभू, आत जो आहे त्याला आणि गाडी चालवणाऱ्याला सांभाळ” एवढे म्हणायची पद्धत आहे. लहान मुलेही ते सहज उचलतात, कारण त्यात कोणाकडे पाहावे लागत नाही आणि शब्द शोधावे लागत नाहीत. दुसरी पायरी अंत्ययात्रेची. लूकच्या सातव्या अध्यायात नाईन गावाच्या वेशीपाशी येशूला एका विधवेच्या एकुलत्या एका मुलाची प्रेतयात्रा भेटते. तेथे कोणीही त्याच्याकडे काही मागितलेले नाही, कोणी त्याला ओळखल्याचाही उल्लेख नाही. त्याने त्या बाईला पाहिले आणि त्याला तिचा कळवळा आला. वाटेत अंत्ययात्रा दिसली की दुचाकी बाजूला घेऊन थांबावे, ती कोणत्या समाजाची आहे हे पाहू नये, आणि खांदा देणाऱ्यांमागून जे गप्प चालत असतात त्यांच्यासाठी मागावे. पंधरा दिवस एवढेच केले तरी नजर तयार होऊ लागते.

चेहऱ्याआधी हात

पाहणे आणि टक लावणे ह्यांतला फरक ज्याच्याकडे पाहिले जाते त्याला आधी कळतो. म्हणून माझा आग्रह असा की चेहऱ्याकडे जाण्याआधी हात पाहावेत, मग पायांतल्या चपला, मग बरोबरचे ओझे, आणि चेहरा सर्वांत शेवटी, तोही ओझरता. पुरुषांनी तर अनोळखी बाईकडे दुसऱ्यांदा पाहूच नये. पहिल्या नजरेत जे दिसले तेवढ्यावर प्रार्थना पुष्कळ होते. हात खूप काही सांगतात. वीटभट्टीवरचे हात, शाई लागलेले हात, सलाईनची पट्टी अजून न काढलेले हात, मोबाइल घट्ट धरून वाजण्याची वाट पाहणारे हात. एवढे पाहिले की प्रार्थनेला धरायला काहीतरी सापडते.

मात्र जे दिसले तेवढ्यावरच थांबायचे, हे ह्या साऱ्या प्रकरणातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आमच्या महिला डब्यात यवतला एक मेथीवाली चढत असे. दोन मोठी गाठोडी दाराशी टाकून ती खालीच बसायची आणि हडपसर येईपर्यंत ओल्या सुतळीने जुड्या बांधत राहायची. तिची बोटे हिरवीकाळी झालेली होती, अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती आणि तिच्या गळ्यात मला कधी मंगळसूत्र दिसले नाही. तेवढ्यावरून मी तिला विधवा ठरवले. तिला दोन लहान मुले असतील, दीर जमिनीत वाटा देत नसतील, असे सगळे मी मनाशी रचले आणि जवळजवळ महिनाभर मोठ्या कळकळीने विधवांचा कैवारी असलेल्या देवाकडे तिच्यासाठी मागत राहिले. एके दिवशी उरुळीच्या पुढे तिचा फोन वाजला. शेतातली मोटार रात्रभर चालू ठेवून झोपी गेलेल्या नवऱ्याला ती एवढ्या तारस्वरात झापू लागली की अख्खा डबा हसला. मंगळसूत्र गर्दीत तुटू नये म्हणून ती ते पदराआड पोलक्यात खोचून ठेवत असे, हेही त्याच दिवशी कळले. म्हणजे महिनाभर मी एका जित्याजागत्या माणसाला मारून त्याच्या बायकोसाठी सांत्वन मागत होते, आणि ज्या अंगठ्याची चिंधी मला रोज समोर दिसत होती, त्या अंगठ्यासाठी मी एकदाही मागितले नव्हते.

तेव्हापासून मी अंगठ्यासाठी मागते. “प्रभू, ह्या बाईच्या हाताला आराम दे, तिचा माल दुपारच्या आत विकला जाऊ दे, येशूच्या नावाने मागते, आमेन.” कल्पना केलेल्या माणसासाठी केलेली प्रार्थना वाया जाते असे मी म्हणणार नाही, देव त्याच्या रीतीने ती योग्य पत्त्यावर पोहोचवीत असेल, पण ती करणाऱ्याचे नुकसान होते, कारण त्याला समोरचे माणूस दिसायचे राहून जाते आणि स्वतःच्याच कनवाळूपणाचे कौतुक वाटू लागते.

ह्याच वाटेवर आणखी एक खड्डा आहे. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आठवावा. मंदिरात प्रार्थना करताना त्याचेही लक्ष एका परक्या माणसाकडे गेले होते. दूर उभ्या असलेल्या जकातदाराला त्याने नीट पाहिले, प्रार्थनेत त्याचा उल्लेखही केला, आणि मी ह्याच्यासारखा नाही म्हणून देवाचे उपकार मानले. अनोळखी माणसाविषयी प्रार्थना केली आणि तरीही ती फसली, असे हे पवित्र शास्त्रातले नमुनेदार उदाहरण आहे. दारू पिऊन फलाटावर पडलेला माणूस दिसला की आपल्याही तोंडून सहज “देवा, तुझी कृपा म्हणून आमचे घर वाचले” असे निघते. ते उपकारस्तुतीचे वाक्य वाटते, पण त्यात पडलेल्या माणसासाठी काहीच मागितलेले नसते. तुमच्या प्रार्थनेत ‘मी’ आधी आला आणि तो माणूस नंतर आला, तर पुन्हा आरंभ करा.

हाक मारण्याजोगा एक शब्द

नाव ठाऊक नसलेल्या माणसाला प्रार्थनेत काय म्हणायचे, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. त्याचे उत्तर उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात मिळते. अब्रामाची बायको साराय आपल्या हागार नावाच्या दासीविषयी बोलते तेव्हा ‘माझी दासी’ म्हणते, अब्रामही ‘तुझी दासी’ म्हणतो; त्या घरातले कोणीही तिचे नाव उच्चारताना दिसत नाही. ती रानात पळून जाते आणि झऱ्यापाशी परमेश्वराचा दूत तिला पहिल्यांदा ‘हागारे’ अशी हाक मारतो. मिसर देशातल्या ह्या परक्या दासीने मग देवाला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘मला पाहणारा देव’ असा आहे. आपणही दिवसभर माणसांना कामांच्या नावांनीच ओळखतो : वॉचमन, रिक्षावाला, कामवाली, डिलिव्हरीवाला. मी स्वतः वर मेथीवाली असेच लिहिले आहे. निदान प्रार्थनेत तरी तो शब्द बदलावा. आपल्या भाषेत त्याची सोय आहे. मावशी, दादा, काका, ताई, आजोबा हे शब्द आपण अनोळखी माणसालाही लावतो. तेच प्रभूपुढे लावावेत. “प्रभू, ह्या दादाला” असे म्हटले की मागणे आपोआप वेगळे होते. सुरक्षारक्षकासाठी आपण सहसा काही मागत नाही, दादासाठी मागतो. शक्य असेल तेथे नाव विचारावे. सोसायटीच्या दाराशी तीन वर्षे बसणाऱ्या माणसाचे नाव विचारायला संकोच वाटतो तो आपण इतके दिवस विचारले नाही म्हणून, त्याला मात्र त्याचे काही वाटत नाही.

प्रार्थना लहान असावी. नहेम्या शूशन राजवाड्यात राजाला द्राक्षारस देण्याच्या कामावर होता. राजाने त्याला तुझी मागणी काय असे विचारले, तेव्हा त्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि मग राजाला उत्तर दिले, असे त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात लिहिले आहे. प्रश्न आणि उत्तर ह्यांच्यामध्ये राजाला खटकणार नाही एवढ्या वेळात ती प्रार्थना झाली असली पाहिजे. मी तीन वाक्यांपुढे जात नाही : काय दिसले ते प्रभूला सांगायचे, एकच गोष्ट मागायची आणि माणूस त्याच्या हाती सोपवायचा. “ह्या काकांना जिना चढताना धाप लागली. त्यांच्या छातीला बळ दे. त्यांना तुझ्या हाती देते.” शब्दच सुचले नाहीत तर जुन्या मंडळीने शतकानुशतके म्हटलेले “प्रभू, दया कर” पुरेसे आहे. ओठ हलवू नयेत, हात जोडू नयेत. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर लोकांना दिसावे म्हणून उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांविषयी मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू काय म्हणतो, ते गर्दीच्या डब्यात विशेष लक्षात ठेवावे. दार लावून घ्यायला तेथे खोली नसते, पण मनाचे दार लावता येते.

आपल्या जखमेची खूण

काही माणसे इतरांपेक्षा चटकन का दिसतात, ह्याचाही विचार करावा. केडगावला राहणाऱ्या माणसाला पंडिता रमाबाईंचे उदाहरण दूर जाऊन शोधावे लागत नाही. निराधार स्त्रिया व मुलींसाठी त्यांनी उभारलेले मुक्ती मिशन गावातच आहे. त्यांनी तरुणपणी देशोधडीच्या प्रवासात आणि उपासमारीत आईवडील गमावले होते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींची बातमी कानावर आली, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व बायका घेऊन आल्या. दुष्काळ अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचला होता. रमाबाईंना तो आतून ठाऊक होता, म्हणून त्यांना तो दिसला. आपल्यापैकी ज्याच्या घरात कर्करोग येऊन गेला आहे त्याला डोक्याला रुमाल बांधलेली बाई गर्दीतही दिसते. ज्याचे मूल नापास झाले आहे त्याला निकालाच्या दिवशीची शांत पोरे दिसतात. ही खूण ओळखून घ्यावी आणि तिच्यापासून आरंभ करावा. तिथे प्रार्थना खरी होते, शब्द शोधावे लागत नाहीत.

पण तिथेच अडकून पडू नये. मला माझ्या वडिलांच्या दुखण्यापासून थरथरणारे म्हातारे हात लगेच दिसतात, आणि दारात उभे राहून मोठ्या आवाजात गाणी लावणारी मुले मात्र मला वर्षभर केवळ उपद्रव म्हणून दिसत होती. त्यांच्यासाठी मी आता जाणूनबुजून एक स्थानक राखून ठेवले आहे, लोणी ते मांजरी. तिघांच्या बाकावर चौथी म्हणून घुसून “जरा सरका” म्हणणाऱ्या बाईचेही तेच. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायात, ज्या बाबेलने धरून नेले त्याच नगराच्या हितासाठी परमेश्वराची प्रार्थना करा असे बंदिवानांना सांगितलेले आहे. बाकावरची चार बोटे जागा सोडणे त्यामानाने फारच सोपे आहे आणि प्रार्थना बहुधा सरकण्यापासूनच सुरू होते.

बोलावे केव्हा

प्रार्थना केल्याचे त्या माणसाला सांगावे काय? माझे उत्तर आहे, बहुतेक वेळा नाही. येथे कोणीतरी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट काढतो, म्हणून तिच्याविषयी लिहिते. टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले असताना डब्यातल्या एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले. त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. गोष्ट खरी आहे आणि आपल्या मंडळ्यांत ती प्रेमाने सांगितली जाते. पण तिच्यावरून अनोळखी प्रवाशांना भाकिते ऐकवण्याचा नियम काढणे चूक आहे. त्या दोघांत आधी गप्पा झाल्या होत्या, आणि टिळक स्वतः शोधात असलेले, वाद घालणारे, मनाने जागे असलेले गृहस्थ होते. थकून झोपेला आलेल्या बाईच्या कानाशी कोणी बोलू लागला तर ती त्या गोष्टीची पुनरावृत्ती होत नाही. शिवाय आपण अनेक धर्मांच्या माणसांत राहतो. मागितल्याशिवाय कोणाच्या डोक्यावर हात ठेवणे, दवाखान्यात आजाऱ्याच्या खाटेशी मोठ्याने प्रार्थना सुरू करणे, ह्यांत त्याची अडचण होते आणि त्याला नको म्हणण्याची मोकळीक उरत नाही.

तरीही अशी वेळ येते की समोरचा स्वतःहून बोलू लागतो. तेव्हा आधी ऐकावे, पुरते ऐकावे. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते, तरी येशूने त्याला विचारले की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? आपणही असेच विचारावे : “मी ख्रिस्ती आहे, प्रार्थना करते. तुमच्यासाठी देवाजवळ काही मागू का?” एवढे एक वाक्य पुरे. हो म्हणाले तर काय मागायचे ते त्यांनाच विचारावे आणि बहुधा ते आपण योजले होते त्याहून निराळे निघते. एकदा पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या बाजूला बसथांब्यावर एक आजोबा भेटले. त्यांच्या पायाला मोठे बँडेज होते. मी विचारल्यावर ते म्हणाले, “पायाचं राहू द्या बाई, पोरगी बोलत नाही दोन वर्षं, तिचं बघा.” नाही म्हणाले तर “बरं” म्हणून हसावे आणि विषय सोडावा. मनातल्या मनात मागायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक पथ्य आजच्या काळाचे. अनोळखी माणसाचा फोटो काढून मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘ह्यांच्यासाठी प्रार्थना करा’ असे लिहून टाकू नये. हेतू कितीही चांगला असला तरी त्या माणसाचे दुःख आपण वाटून टाकत असतो आणि ते आपले नसते. गटावर लिहायचेच असेल तर “आज एका वडिलांना त्यांच्या मुलीच्या आठवणीने रडताना पाहिले” एवढे पुरते. गाव, दवाखाना, वॉर्ड काहीही लिहू नये.

प्रार्थना खिशाला हात घालायला लावते तेव्हा

ह्या विषयात मला माझी एक चूक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वडिलांच्या औषधांसाठी मी एका रुग्णालयाच्या औषधाच्या दुकानात रांगेत होते. माझ्या पुढच्या दादाने चिठ्ठी दिली, बिल ऐकले, पाकिटातल्या नोटा दोनदा मोजल्या आणि हळूच म्हणाला, “ही शेवटची पट्टी निम्मीच द्या.” दुकानदाराने कात्री घेतली आणि दहा गोळ्यांच्या पट्टीतून पाच कापून उरलेली अर्धी पट्टी परत खणात टाकली. मी ते सारे पाहिले. नियमाप्रमाणे हात पाहिले, नोटा पाहिल्या आणि फार मनापासून प्रार्थना केली की प्रभू, ह्या दादाची गरज पुरव. त्या वेळी माझ्या पर्समध्ये पैसे होते. हे मला घरी, भांडी घासताना सुचले. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात उघड्या आणि उपाशी भावाला “सुखाने जा, ऊब घ्या व तृप्त व्हा” असे म्हणून काहीच न देणाऱ्याविषयी जे लिहिले आहे, ते त्या रात्री मी पुन्हा वाचले.

म्हणून आता मागणे झाल्यावर मी एक प्रश्न स्वतःला विचारते : जे मागितले ते आत्ता माझ्याजवळ आहे काय? बहुतेक वेळा नसते आणि मग प्रार्थना हेच काम असते. पण असले तर उत्तर लांब शोधायचे नाही. लूकच्या दहाव्या अध्यायातल्या दृष्टान्तात याजकाने वाटेवरच्या जखमी माणसाला पाहिले, मंदिरातल्या सेवेच्या लेव्यानेही पाहिले आणि यहुद्यांना परका असलेल्या शोमरोन्यानेही पाहिले. पाहण्यात तिघेही सारखेच होते. फरक त्यानंतर पडला : तेल आणि द्राक्षारस, स्वतःचे जनावर, उतारशाळा आणि दोन रुपये, अशी शोमरोन्याच्या खर्चाची यादी लूकने दिली आहे.

रस्त्यावर अपघात झालेला दिसला की थांबायला आपण घाबरतो ते पोलीस आणि कोर्टाच्या फेऱ्यांमुळे. ही भीती आता धरण्याचे कारण नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आले. त्यानुसार सद्भावनेने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर, पुढे त्या माणसाचे काही बरेवाईट झाले तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात अशा माणसाला ‘गुड समॅरिटन’ असे जे नाव दिले आहे ते ह्याच दृष्टान्तातल्या शोमरोन्याचे आहे, ही गोष्ट संडे स्कूलच्या शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. काही क्रमांक मोबाइलमध्ये भरून ठेवावेत : रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही तातडीसाठी ११२, एकटे किंवा हरवलेले मूल दिसले तर १०९८, आणि रेल्वेत कोणाला मदत हवी असेल तर १३९. मूल रडत असेल तर त्याला स्वतः कुठे घेऊन जाऊ नये. तेथेच थांबून फोन करावा. फोन लागेपर्यंत प्रार्थना चालू ठेवायला हरकत नाही.

रोख पैशांविषयी मंडळीत मतभेद आहेत आणि ते राहतील. मी भीक सहसा देत नाही, पण गोळ्यांची अर्धी पट्टी मागणारा पुन्हा दिसला तर विचार करणार नाही.

रात्रीची उजळणी

झोपण्यापूर्वी दिवसातले तीन चेहरे आठवावेत, अधिक नकोत. वहीत लिहायचे असेल तर एका ओळीत लिहावे, “हिरवी पिशवी, मांजरी”, “बँकेतली ताई, खोकला”. मला वही टिकवता आली नाही. मी बोटांवर मोजते. त्या चेहऱ्यांसाठी एकदा मागावे आणि मग त्यांना सोडावे. सर्वांचे ओझे आपल्याच छातीवर घेऊन जागणारे काही भाविक मी पाहिले आहेत. त्यांना आठवड्याभरात थकवा येतो आणि ते पाहायचेच बंद करतात. जो चेहरा पुन्हा पुन्हा आठवतो तो पुढच्या प्रभुभोजनापर्यंत, म्हणजे मंडळीत भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीपर्यंत, धरून ठेवावा आणि मेजापाशी ठेवून परत यावे, असे मी करते. प्रार्थनेचे उत्तर आले की नाही हे आपल्याला बहुधा कळत नाही, गाडी पुढे गेलेली असते. ज्यांना उत्तराची खात्री हवी असते त्यांना ही प्रार्थना जड जाते. त्यांनी घरच्या माणसांसाठी मागावे, तिथे हिशेब लागतो.

एखादा आठवडा असा जातो की काहीच दिसत नाही. आपलेच काही दुखत असते, कार्यालयात मार्चअखेर असते, डोळे मोबाइलवर असतात. त्याबद्दल स्वतःला फार बोल लावू नये. सायरन वाजला की तेवढे म्हणावे आणि सोमवारी पुन्हा खुटबावपासून सुरू करावे.

ती मेथीवाली मावशी गेल्या पावसाळ्यापासून गाडीत दिसत नाही. तिने गाडी बदलली असेल, टेम्पोने माल पाठवत असेल किंवा मेथीऐवजी दुसरे काही लावले असेल. मी ठरवत नाही. यवतला गाडी फार थोडा वेळ थांबते, पण तेवढ्यात तिच्या अंगठ्यासाठी आणि मोटार चालू ठेवून झोपणाऱ्या तिच्या नवऱ्यासाठी मागून होते.